भिंगरीचं साडेअकराचं औषध

झोपेची ताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण पाळणाघरात तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारत नसे. दोन ते चार वर्षांच्या मुलांची खोली तिच्याकडे होती. दुपारी पडदे ओढायचे, गाद्या घालायच्या, चौदा पाठी थोपटायच्या. नाव मुलांनीच पाडलं. गंमत एवढीच, की त्या अख्ख्या इमारतीत सगळ्यांत कमी झोप तिची होत असे. तिचं स्वतःचं पिल्लू सात महिन्यांचं होतं, खालच्या तान्ह्यांच्या खोलीत असायचं, आणि त्याला दात येत होते. एकेक दात घरातल्या सगळ्यांना उठवून, साक्षीला बसवूनच बाहेर पडत होता.

झोप कमी पडली की माणसाचं काय होतं, हे ती सध्या घरबसल्या शिकत होती. मागच्या आठवड्यात घराची किल्ली फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी सापडली. एका सकाळी ती बाबागाडी ढकलत अर्धा रस्ता चालून आली आणि बघते तर गाडी रिकामी. मागून नवरा पिल्लाला कडेवर घेऊन येत होता.

"अगं, माल इकडे आहे. तू नुसतं खोकं घेऊन निघालीस!"

तीही हसली. पण तेव्हापासून ती स्वतःकडे जरा तिरप्या नजरेनं बघायला लागली, नव्यानं कामावर ठेवलेल्या माणसाकडे बघावं तशी.

मंगळवारी भिंगरीच्या औषधाचं जे झालं, त्यात म्हणून तिला पहिला संशय आला तो स्वतःचाच.

भिंगरी तीन वर्षांची. एका जागी उभी म्हणून राहायची नाही, त्यावरून ते नाव. दीड वर्षाची असताना तिला दोनदा झटके आले होते, आणि तेव्हापासून गुलाबी पातळ औषध चालू होतं. दिवसातून तीन वेळा, मापाच्या टोपणातून. सकाळचं आणि रात्रीचं घरी, मधलं साडेअकराचं ताईकडे. चुकवायचं नाही आणि चुकून दोनदाही द्यायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते असं सांगितलं होतं की ऐकणाऱ्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हावा.

पूर्वी अशा कामासाठी खोलीत कपड्यांचे चिमटे होते. भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीला एका मुलाचा टॉवेल. ज्याचं औषध द्यायचंय त्याच्या टॉवेलच्या डाव्या काठाला लाल चिमटा. औषध पोटात गेलं की चिमटा उजव्या काठाला. लांबून नजर टाकली तरी कळायचं. चार महिन्यांपूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी, सगळे चिमटे गोळा करून कपाटात टाकले. "हे पाळणाघर आहे, धोब्याची दोरी नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाचीनं पाळणाघरासाठी वेबसाइट बनवून दिली होती. तिथं प्रत्येक मुलाचं एक पान होतं. घरच्यांनी सकाळी घरून त्यावर चिठ्ठी लिहायची, ताईनं औषध देण्याआधी ती उघडून वाचायची, कारण रात्री ताप आला असेल, डोस बदलला असेल. मग औषध द्यायचं आणि 'औषध दिलं' असं लिहिलेलं बटण दाबायचं. बटण हिरवं व्हायचं आणि खाली ओळ उमटायची. कुणी दिलं, किती वाजता दिलं.

ताईनं बटण दाबायला सुरुवात केली. पण हात जुना होता. भिंगरीच्या टॉवेलचा एक लाल चिमटा तिनं गुपचूप राहू दिला होता.

त्या मंगळवारी साडेअकराला तिनं कपाटातून बाटली काढून टेबलावर ठेवली, शेजारी बशीत मापाचं टोपण ठेवलं, आणि संगणकावर भिंगरीचं पान उघडलं. चिठ्ठी नेहमीप्रमाणे आजोबांची.

"भिंगरी रात्री बरी झोपली. सकाळी दूध अर्धं प्यायली, उरलेलं मांजरास पाजले असा संशय आहे. डाव्या बुटाचा बंद सैल आहे, लक्ष असू द्यावे. आज नवी बाटली दिली आहे, सकाळचे औषध तिच्यातूनच दिले. आपला, आजोबा."

आणि त्या अक्षरांवरून वरून खाली फुलं पडत होती. गुलाबी, पांढरी, गिरक्या घेत सावकाश पडणारी. गेल्या बुधवारपासून आजोबांच्या चिठ्ठीवर अशी फुलं पडायची. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या म्हणजे 'पोट बिघडलंय', 'जास्तीची चड्डी दिली आहे'. आजोबांची उघडली की ताईला क्षणभर खिडकी उघडल्यासारखं वाटे. आजोबा छापखान्यात होते, शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करण्यात त्यांची हयात गेली होती. मजकुराभोवती वेलबुट्टी नसेल तर त्यांना कागद उघडा वाटायचा.

तेवढ्यात मागे ठोकळ्यांचा मनोरा कोसळला आणि त्याखालून भोंगा सुरू झाला. ताई धावली. एकाचं कपाळ, दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याला काहीच लागलं नव्हतं पण तो सगळ्यांत मोठ्यानं रडत होता. पाणी, फुंकर, पट्टी. पट्टी हवी म्हणून आणखी चौघांना लागलं. मग खालून निरोप आला, पिल्लू दूध घेत नाहीये, जरा येऊन जा. ती पाच मिनिटं खाली जाऊन आली. परत टेबलाशी आली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. स्वयंपाकघरातल्या काकू कप गोळा करून गेल्या होत्या, बशी आणि टोपणही त्यांच्याबरोबर गेलं होतं. संगणकावरची चिठ्ठी तिनं बंद केली.

बटण हिरवं होतं. खाली ओळ होती. औषध दिलं, झोपेची ताई, ११:३१.

ताई त्या ओळीकडे बघत राहिली.

दिलं होतं मी?

तिनं डोळे मिटून आठवून पाहिलं. बाटलीचं झाकण उघडताना होणारा तो टक् आवाज. भिंगरीचं नाक मुरडणं. आठवलं. लगेच आठवलं. पण हे आजचं की कालचं? कालचं औषध भिंगरीनं ताईच्या ॲप्रनवर फुर्र करून उडवलं होतं, ते डाग अजून होते, तर फुर्र हे कालचं. टक् कुठल्या दिवसाचा? रोजचा टक् सारखाच.

खुंटीकडे पाहिलं. चिमटा डाव्या काठाला. म्हणजे दिलं नाही. पण काल औषध देऊनही चिमटा संध्याकाळपर्यंत डावीकडेच राहिला होता, काकूंनी दाखवला तेव्हा हलवला. चिमट्याची साक्ष काढावी तर चिमटा तिच्याच वळणाचा.

तिनं भिंगरीला धरलं.

"भिंगरे, औषध घेतलंस?"

"हो."

"आज? आत्ता? ताईनं दिलं?"

"हो."

"आणि आज हत्ती आला होता का गं?"

"हो. दोन."

तोंडाचा वास घेतला. औषधाला केळ्याचा वास, आणि अकराच्या खाऊला केळंच होतं. बाटली उजेडात धरली. नवी, गडद काचेची, सकाळी घरी उघडलेली. आत किती होतं आणि किती राहिलं, कोण सांगणार? ती स्वयंपाकघरात गेली. काकू कप विसळत होत्या.

"काकू, बशीतलं टोपण वापरलेलं होतं का हो? गुलाबी काही दिसलं?"

"अगं, मी धुते. तपासत नाही." काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? अशी पांढरीफटक का पडलीस?"

"मला आठवत नाहीये, मी भिंगरीला औषध दिलं की नाही."

काकूंचा हात नळाखाली तसाच राहिला. "पान काय म्हणतंय?"

"पान म्हणतंय दिलं."

"मग?"

"मला वाटतंय नाही दिलं."

"वाटतंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी नळ बंद केला. "चल बाईंकडे. असं मनात ठेवायचं नसतं."

मोठ्या बाईंच्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि चहाचा एक कप, जो कायम अर्धा असे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला, मध्ये नुसतं "हो" आणि "बरं" म्हणाल्या, आणि फोन ठेवून सांगितलं, "खात्री नसेल तर दुसऱ्यांदा द्यायचं नाही. तासाभरात नक्की काय ते कळवा म्हणाले. एक वाजेपर्यंत. नाहीच कळलं तर मुलीला घेऊन तिकडे या." मग आजोबांना फोन झाला. ते दोन गल्ल्या पलीकडेच राहत. 'निघालो' एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, पण गुडघ्यांमुळे त्यांच्या निघण्याला आणि पोचण्याला अर्धा-पाऊण तास लागे.

"आता मला सांग," बाई म्हणाल्या, "पानावर तुझं नाव आहे. वेळ आहे. साडेअकरा आणि वर एक मिनिट. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"बाई, मी बटण दाबल्याचंही मला आठवत नाही."

"रात्री किती झोपलीस?"

"…झोपले थोडी."

"किती?"

"पिल्लू चारला झोपलं."

काकू मध्ये पडल्या. "बाई, पोर लहान आहे तिचं. आपण काय जन्मतः एवढ्या झालो?"

"मी तिला बोलतेय का काकू? मी विचारतेय." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ पोरी, तुला दोष देत नाही. पण दोन गोष्टी आहेत, एक तुझं डोकं आणि एक हे पान. डोकं रात्रभर जागं आहे. पान जागंही नाही आणि झोपलेलंही नाही, त्याला दाबलं तर ते लिहितं, नाही दाबलं तर नाही लिहीत. तूच सांग, मी कुणावर विश्वास ठेवू?"

ताईच्या खांद्यावर सकाळपासून पिल्लाचं दूध पुसायचं फडकं होतं, ते आता कुठे तिच्या लक्षात आलं. तिनं ते काढून घडी केली, उलगडलं, परत घडी केली. बाईंचं म्हणणं तिला पटत होतं, हीच खरी पंचाईत होती. आणि त्याच्या आत आणखी एक काटा होता. हे पहिल्यांदा होत नव्हतं. गेल्या बुधवारी तिनं औषध दिलं आणि बटण दाबायला वळली तर बटण आधीच हिरवं. दाबलं असेल आपण, वाटून सोडून दिलं. शुक्रवारी तेच. काल तेच. रोज तिच्या हातून काहीतरी होत होतं आणि तिला कळत नव्हतं. आज औषध, उद्या काय? आपलंच पोर कडेवरून कुठे ठेवून आपण पुढे निघून गेलो तर? रिकामी बाबागाडी डोळ्यांसमोर आली.

"आजोबांनी चिठ्ठीत तर काही लिहिलं नव्हतं ना?" बाई म्हणाल्या. "आज देऊ नका, नाहीतर अर्धंच द्या, असं?" त्यांनी स्वतःच्या संगणकावर भिंगरीचं पान उघडलं. "ही बघ तुझी ओळ. अकरा एकतीस." मग त्यांनी चिठ्ठी उघडली. फुलं पडू लागली. बाईंनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, मांजराशी जरा अडखळल्या. "औषधाचं म्हणशील तर नवी बाटली, बस." त्यांनी चिठ्ठी बंद केली, चहाचा कप उचलला, आणि कप ओठांशी नेऊन तिथंच थांबल्या.

"हे काय?"

ताईच्या ओळीखाली दुसरी ओळ होती. औषध दिलं, मोठ्या बाई, १२:२४.

भिंतीवरच्या घड्याळातही बारा चोवीसच वाजले होते.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी तर इथं बसलेय!"

"तुम्ही हात लावलात का?" काकूंनी विचारलं.

"माझ्या हातात कप आहे, काकू! तुमच्यासमोर!" त्यांनी कप खाली ठेवला, जणू पुरावा जपून ठेवायचा होता. मग चिठ्ठी पुन्हा उघडली. फुलं. बंद केली. तिसरी ओळ. औषध दिलं, मोठ्या बाई, १२:२५.

"आता दोनदा पाजलंत," काकू म्हणाल्या. "तेही खुर्चीतून न उठता."

ताईला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्हीतलं आधी काय आवरावं ते कळेना. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी भाचीला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"आत्या, बोल गं. जेवायला बसतेय."

"मग जेवण बाजूला ठेव. तुझं पान माझ्या नावानं औषध पाजतंय."

भाचीला दोनदा सगळं सांगावं लागलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला, "फुलं म्हणजे? चित्र आहे का फुलांचं?"

"चित्र नाही. पडतात. वरून खाली. हलतात."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. "आत्या, ती चिठ्ठी आता उघडू नका. कुणीच उघडू नका. मी आधी चिठ्ठ्याच बंद करते. दोन मिनिटं दे."

दोन मिनिटांची सात झाली. मग ती परत आली आणि तिचा आवाज बदललेला होता.

"आत्या, त्या आजोबांनी चिठ्ठीच्या खाली आणखी काहीतरी चिकटवलंय. तुम्हाला दिसत नाही, कारण ते वाचायचं नसतं, ते संगणकाला दिलेले हुकूम असतात. इंटरनेटवर फुकट मिळतात असे तुकडे, फुलं पाडा, तारे पाडा. चिठ्ठीच्या चौकटीत फक्त अक्षरं यावीत आणि अक्षरंच राहावीत, ही काळजी मी घ्यायला हवी होती. मी चाळणी लावलीच नाही. आलं ते तसंच पानात घातलं."

"म्हणजे?"

"म्हणजे, समज मी तुला पत्रात लिहिलं, उभी राहा. तू काय करशील?"

"वाचेन."

"हां. माझं पान वाचत नाही. माझं पान उभं राहतं."

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "साध्या पिठाला चाळणी लावतो आपण."

"हो काकू," भाची हळूच म्हणाली. "त्या तुकड्यात फुलांच्या मागे दुसरा हुकूम लपवलाय. ज्यांनी तो फुकट वाटला, त्यांना लोकांच्या पानावरचं 'आवडलं'चं बटण आपोआप दाबून हवं असतं. म्हणून तो सांगतो, चिठ्ठी उघडली की पानावरचं पहिलं बटण दाब. घरच्यांना दिसणाऱ्या पानावर बटणच नाही, म्हणून त्यांच्याकडे काही झालं नाही. तुमच्या पानावर पहिलं बटण औषधाचं आहे."

"पण माझं नाव कसं?" ताई मध्येच म्हणाली. "मी दाबलं नाही तर माझं नाव कसं?"

"तुम्ही सकाळी तुमच्या नावानं पान उघडता ना? त्यानंतर तिथं जे काही दाबलं जाईल ते तुम्हीच दाबलंत, असंच पान धरून चालतं. बोट कुणाचं ते त्याला दिसत नाही." ती थांबली. "ताई, हे बटण होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. मुलाला संध्याकाळी न्यायला कोण येणार, तेही त्याच पानावरून बदलता येतं. कुणी मुद्दाम केलं असतं तर तेही तुमच्याच नावावर पडलं असतं."

मोठ्या बाईंचा हात चष्म्याकडे गेला, पण चष्मा आधीच कपाळावर होता.

ताईला नीट कळलं होतं का? फुलं बटण दाबतात, हे वाक्य तिनं मनात तीन वेळा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते कुणी तापात बरळल्यासारखं वाटलं. पण एक गोष्ट लख्ख होती. हिरवं बटण म्हणजे ती नव्हे. ओळ म्हणजे ती नव्हे. मग उरलं काय? टेबलावर ठेवलेली बाटली, कोसळलेला मनोरा, आणि डाव्या काठावरचा चिमटा.

"बाई," ती म्हणाली, "चिठ्ठी वाचता वाचता मी उठले. मनोरा पडला तेव्हा फुलं पडतच होती, ते मला आठवतंय. एकतीसला मी चिठ्ठीच वाचत होते. आणि चिठ्ठी वाचून संपल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही. परत आले तेव्हा चिठ्ठी उघडीच होती, मी ती बंद केली. मी औषध दिलेलं नाही."

बाईंनी या वेळी तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग डॉक्टरांना फोन लावला आणि फोन ताईच्या हातात दिला. "तूच सांग."

तिनं सांगितलं. एकाला दहा मिनिटं होती. डॉक्टर म्हणाले, "तुमची खात्री आहे?" खात्री हा शब्द तिनं हल्ली स्वतःबद्दल वापरला नव्हता. "आहे," ती म्हणाली.

"मग आत्ता द्या. रात्रीचं तासभर उशिरा द्यायला सांगा. आणि आज मुलीवर नजर ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन."

टक्. झाकण उघडलं. खोलीच्या दारात बाई, त्यांच्यामागे काकू, आणि त्यांच्याही मागे घामाघूम, एका हातानं चौकट धरून उभे आजोबा, जे नेमके तेव्हाच पोचले होते. एवढी मंडळी जमलेली बघून भिंगरीला चेव चढला. तिनं तोंड उघडलं, औषध गिळलं, आणि सगळ्यांना जीभ काढून दाखवली.

ताई संगणकाकडे वळली. सवयीनं बोट उचललं, आणि खाली घेतलं. मग खुंटीपाशी जाऊन तिनं चिमटा उजव्या काठाला लावला.

जीव भांड्यात पडायला हवा होता. अर्धाच पडला.

मुलं झोपल्यावर बाईंनी एक कोरा कागद आणून तिच्यापुढे ठेवला. "बुधवारपासूनचं लिहून काढ. पानावरचं काही धरायचं नाही. तुला जे आठवतं तेच." एवढं बोलून त्या गेल्या नाहीत, तिथंच घुटमळल्या. "मघाशी मी म्हटलं ना, डोकं की पान…"

"बाई, मलाही तसंच वाटत होतं."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. "ते चिमटे मी कुठल्या कपाटात टाकले, काकूंना आठवत असेल का गं?"

कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी आणून, आजोबा बसले होते. भिंगरी उठेपर्यंत थांबतो म्हणाले. भाचीनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगून झालं होतं आणि त्यांचा चेहरा कुणी रिकामा करून ठेवल्यासारखा झाला होता.

"आमच्याकडे फुलांचे खिळे वेगळ्या खणात असत," ते हळू आवाजात म्हणाले. "चौकटीला फूल लावलं की ते तिथं बसायचं. दुसऱ्याचं काम करायला उठत नसे. मला वाटलं, तसंच असेल. चिठ्ठी फार उघडी दिसायची हो."

"मला आवडायची तुमची फुलं," ताई म्हणाली. ते खरं होतं, आणि त्यामुळेच पुढचं बोलणं अवघड होतं.

कागदावर तिनं लिहिलं. बुधवार, दिलं, भिंगरीनं टोपण चावलं होतं. शुक्रवार, दिलं, तिची आई लवकर न्यायला आली होती, तिच्यासमोर. सोमवार, दिलं, ॲप्रनवर डाग आहेत. मंगळवार, बारा पन्नासला, सगळ्यांसमोर. मधली गुरुवारची जागा रिकामी राहिली. गुरुवारी ती चिठ्ठी वाचून पिल्लासाठी खाली गेली होती. परत आली तेव्हा बटण हिरवं होतं, आणि तिनं बाटली उचलून कपाटात ठेवली होती. ठेवताना ती उघडलेली होती का? किती आठवलं तरी हात बाटलीपर्यंत जायचा आणि तिथून पुढे धुकं. चिमटा सांगू शकला असता, पण चिमट्याला आदला दिवस आठवत नाही.

लिहावं 'दिलं'? कुणाला कळणार होतं? मुलगी समोर झोपली होती, ओठांचा चंबू करून, धडधाकट. तिनं पेन उचललं आणि लिहिलं, गुरुवार, दिलं की नाही, मला माहीत नाही. खाली सही केली आणि कागद आजोबांच्या हातात दिला.

आजोबांनी तो वाचला. एकेका अक्षराखाली बोट ठेवत, जुन्या सवयीनं, सावकाश. गुरुवारपाशी बोट थांबलं. ताई वाट बघत राहिली. रागावतील. रागवावंच.

"गुरुवारी," ते म्हणाले, "संध्याकाळी ती फार हट्ट करत होती. की ते बुधवारी?" त्यांनी कपाळ चोळलं. "आणि सकाळचं मी देतो ना. तिची आई सहालाच कामाला जाते. मी देतो, मग दूध तापवतो, मग बूट शोधतो. आणि कधीकधी बूट घालताना वाटतं, दिलं का मी?" त्यांनी दबकून इकडेतिकडे पाहिलं. "घरी हे कुणाला सांगितलेलं नाही."

ताईनं नुसता त्यांच्या हाताला हात लावला. काकू डबा घेऊन आल्या होत्या, जुना, पत्र्याचा, आत चिमटेच चिमटे. आजोबांनी मान उंच करून आत पाहिलं.

"यातला एक मला मिळेल का?"

तिनं लाल निवडून दिला. आजोबांनी तो दोनदा उघडमीट करून पाहिला आणि सदऱ्याच्या डाव्या काठाला लावला. मग थांबले, खाली बघितलं, आणि विचारलं, "डावीकडे म्हणजे द्यायचंय, की दिलं?"

"द्यायचंय," ताई म्हणाली, आणि तेवढ्यात तिला स्वतःलाच क्षणभर शंका आली. तिनं खुंटीकडे पाहून खात्री केली. "हो. डावीकडे म्हणजे द्यायचंय."

खालून पिल्लाचा आवाज आला. ती उठली. जाताना मुद्दाम थांबून तिनं कपाटाची कडी लावली, आणि लावली हे मोठ्यानं म्हणाली.